‘डिपेंडंट’ उमेदवार आणि निवड समिती : जर्मनीतील एका कार्यशाळेचे परीक्षण

स्टुटगार्टच्या परिसरातील ज्या मध्यम आकाराच्या यंत्रनिर्मिती कंपनीत मी काम करते, तिने मागील वर्षी आपल्या निवड समित्यांसाठी दोन दिवसांची एक कार्यशाळा विकत घेतली. विषय अगदी नेमका होता. नोकरीनिमित्त जर्मनीत आलेल्या परदेशी अभियंत्यांच्या पाठोपाठ येथे ‘डिपेंडंट’ म्हणून येणारे त्यांचे पती किंवा पत्नी जेव्हा स्वतः नोकरीसाठी अर्ज करतात, तेव्हा त्यांची पारख न्याय्य रीतीने कशी करावी, हे मुलाखत घेणाऱ्यांना शिकवायचे होते. कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि अभ्यासक्रमाचा काही भाग आमच्यासाठी खास बेतलेला होता. तरीही अशी सेवा घेण्याचा विचार करणाऱ्या कंपन्यांतील, विशेषतः तेथे निर्णयाच्या खुर्चीत बसलेल्या मराठी मंडळींना या परीक्षणाचा उपयोग व्हावा.

मी त्या दोन दिवसांत कोणत्या नात्याने बसले होते हे आधी सांगते. आमच्याकडे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेले एक प्रतिनिधी मंडळ असते, त्याला बेट्रीब्सराट म्हणतात, आणि मी त्याची सदस्य आहे. मतदानाचा हक्क असलेले वीसपेक्षा अधिक कर्मचारी ज्या कंपनीत आहेत, तेथे प्रत्येक नव्या नेमणुकीआधी या मंडळाची संमती घ्यावी लागते, आणि संमती नाकारायची असल्यास मंडळाला एका आठवड्याच्या आत लेखी कारणे द्यावी लागतात. त्यामुळे निवड समितीसमोर आलेली कागदपत्रे माझ्याही टेबलावरून जातात. शिवाय मी स्वतः नवऱ्याच्या नोकरीमुळे या देशात आले, तेव्हा दुसऱ्या बाजूची खुर्चीही मला परकी नाही.

कार्यशाळेचा सर्वांत उपयुक्त भाग पहिल्या दिवशी दुपारी आला, आणि तो मुलाखतीविषयी नव्हताच. प्रशिक्षिका बाईंनी प्रत्येकाच्या हाती एका काल्पनिक उमेदवाराची सहा पानांची फाइल ठेवली. उमेदवार नाशिकची, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेली, एका सहकारी बँकेत काही वर्षे लेखा विभागात काम केलेली, लग्नानंतर जर्मनीत आलेली, बी-१ (म्हणजे मध्यम) पातळीची जर्मन परीक्षा उत्तीर्ण झालेली आणि सुमारे तीन वर्षे नोकरीविना असलेली. जागा होती आमच्याच खरेदी विभागातल्या हिशेबाच्या मदतनीसाची. कसलेही निकष न देता प्रत्येकाने एक ते पाच गुण द्यायचे होते. बहुतेकांनी दोन दिले. त्यानंतर प्रत्येकाला विचारले गेले की गुण कोणत्या पानावर कमी केले, आणि तेथे जे बाहेर आले ते ऐकण्यासारखे होते.

पहिली अडचण नावाची. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आणि मधले नाव वडिलांचे, तर पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मधले नाव नवऱ्याचे. आपल्याकडे कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत अशी ही गोष्ट, पण आमच्या उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी फाइलच्या कडेला चक्क प्रश्नचिन्ह काढून ‘कागदपत्रे एकाच व्यक्तीची आहेत का?’ असे लिहिले होते. दुसरी अडचण गुणांची. जर्मन विद्यापीठे परदेशी गुणांचे रूपांतर करण्यासाठी जे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात, ते काही मनुष्यबळ विभागांनीही उचललेले आहे. शंभर ही कमाल आणि चाळीस ही उत्तीर्णतेची मर्यादा धरली तर आपल्याकडचे साठ टक्के, म्हणजे रीतसर प्रथम वर्ग, या सूत्राने ३.० होतात. जर्मन श्रेणीत १ सर्वोत्तम आणि ४ जेमतेम उत्तीर्ण, म्हणजे ३.० हा मध्यम दर्जाचा शेरा झाला. ज्या विद्यापीठात नव्वद टक्के कोणालाच मिळत नाहीत, तेथील पहिल्या वर्गाचे हे असे होते. प्रशिक्षिका बाईंचे उत्तर सोपे होते : रूपांतर करूच नका, त्या तुकडीतील कमाल गुण माहीत नसतील तर श्रेणीचा शब्द तेवढा वाचा.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे, आणि तिच्याविषयी मी अन्यत्र फारसे वाचलेले नाही. जर्मनीत नोकरी सोडताना सविस्तर अनुभवपत्र मिळणे हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्या पत्रांची एक ठरीव श्रेणीरचना झालेली आहे. कामाबद्दल ‘सदैव’ आणि ‘अत्यंत पूर्ण’ समाधान व्यक्त केले असेल तर पहिला वर्ग, नुसते समाधान व्यक्त केले असेल तर जेमतेम उत्तीर्ण, आणि कामाविषयी काही न बोलता केवळ वागणुकीची स्तुती केली असेल तर वाचणाऱ्याने काय ते समजावे. आता आपल्याकडील बँकेचे किंवा कारखान्याचे अनुभवपत्र आठवा. अर्धे पान, त्यात रुजू होण्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, ‘त्यांचे आचरण चांगले होते’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने यात कसलीही खोच ठेवलेली नसते. तो गेली वीस वर्षे प्रत्येकाला हाच मजकूर देत आला आहे. जर्मन वाचकाला मात्र तो मजकूर ‘या बाईंना घेऊ नका’ असे सांगतो. आमच्या बारा जणांच्या गटातील किमान निम्म्यांनी याच पानावर गुण कापले होते आणि आपण का कापले हे त्यांना शब्दांत सांगता येत नव्हते. या एका तासासाठी मी कार्यशाळेला पूर्ण गुण देते.

याउलट सकाळचे सत्र कंटाळवाणे होते. मनातील सुप्त पूर्वग्रहांविषयीची तीच ती चित्रे, पाण्याखालचा हिमनग, आणि ‘आपण सारेच पूर्वग्रहदूषित असतो’ हा दिलासा. असा दिलासा मिळाला की माणसे माना डोलावतात आणि जेवायला जातात. संशोधनाचा दाखला म्हणून डोरिस वाइक्सेलबाउमर या अर्थतज्ज्ञ बाईंचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगण्यात आला, आणि तो सांगण्यासारखा आहेच : सारखीच पात्रता असलेले सुमारे दीड हजार अर्ज जर्मन कंपन्यांना पाठवले गेले, जर्मन नावाच्या अर्जाला १८.८ टक्के, तुर्की नावाच्या अर्जाला १३.५ टक्के आणि तेच तुर्की नाव व छायाचित्रात डोक्यावर स्कार्फ असलेल्या अर्जाला ४.२ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले. परंतु या आकड्यांवरून ‘भारतीय जोडीदारांचेही असेच होते’ असे ठोकून देणे मला पटले नाही. नावामुळे होणारा भेदभाव आणि जोडीदार म्हणून येण्यामुळे होणारा भेदभाव या एकमेकींत मिसळणाऱ्या, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्यशाळा दुसऱ्या गोष्टीसाठी विकली गेली होती.

ही दुसरी गोष्ट काय, ते कायद्याच्या सत्रात नीट उलगडले. एक वकील ते सत्र घेण्यासाठी आले होते. युरोपीय निळे कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा निवास परवाना, जर्मनीत ऑगस्ट २०१२ पासून मिळू लागले, आणि त्या कार्डधारकाच्या पतीला वा पत्नीला येथे पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करता येते. निवास परवान्यावर किंवा त्यासोबतच्या कागदावर तसे स्पष्ट छापलेले असते. नोकरी देणाऱ्याने ना कोणाची हमी घ्यायची असते, ना निळ्या कार्डासाठी लागणारी पगाराची किमान मर्यादा पाळायची असते. अमेरिकेत एच-४ व्हिसावरील जोडीदारांपैकी फक्त काहींना, तेही २०१५ पासून, वेगळा अर्ज करून काम करता येते, त्या कथा आपल्याला पाठ असतात. जर्मनीतील स्थिती तशी नाही. गंमत अशी की आमच्या गटातील अनुभवी जर्मन सहकाऱ्यांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. प्रत्येक जण समजत होता की अशा उमेदवाराला घेतले तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतील, आणि या समजापोटी किती फाइली बाजूला पडल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वकिलांनी दिलेली दुसरी माहिती समित्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी आहे. १८ ऑगस्ट २००६ पासून लागू असलेल्या समान वागणूक कायद्यात वांशिक मूळ आणि लिंग ही दोन्ही संरक्षित कारणे आहेत. भेदभावाचा संशय यावा असे धागे उमेदवाराने दाखवले, तर भेदभाव झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. त्यासाठी उमेदवाराला नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांत दावा सांगावा लागतो. आणि २०१७ साली केंद्रीय कामगार न्यायालयाने असा निकाल दिला की जाहिरातीत जर्मन ही मातृभाषा असण्याची अट घालणे म्हणजे वांशिक मुळावरून केलेला अप्रत्यक्ष भेदभाव होय. चांगली जर्मन मागता येते. जन्माने मिळालेली मागता येत नाही.

यावरून घेतलेला सराव मला फार आवडला. प्रत्येक समितीने आपल्या एका रिकाम्या जागेची कामे एकेक करून लिहायची आणि प्रत्येक कामापुढे किती जर्मन लागते ते नोंदवायचे. हिशेबाच्या मदतनीसाच्या जागेसाठी आमच्या जाहिरातीत सी-१ (म्हणजे प्रगत) पातळी मागितली होती. कामे लिहिल्यावर दिसले की पुरवठादारांची बिले जुळवणे, प्रणालीत नोंदी करणे, महिन्याचा तक्ता पाठवणे या सगळ्याला बी-१ पुरते, आणि सी-१ लागते ते वर्षातून एकदा लेखापरीक्षकांसमोर, जेथे तसेही विभागप्रमुखच बोलतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून आलेल्या कितीतरी जणी अशा एका जास्तीच्या अक्षरामुळे बाहेर राहतात.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीचा सराव झाला. येथील सूत्र जुनेच आहे : सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला कोणत्या पायरीवर किती गुण द्यायचे याचे आधी लिहून ठेवलेले वर्णन. अशा बांधीव मुलाखतीतून माणसाच्या पुढील कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, हे संशोधनातून अनेकदा दिसलेले आहे. कार्यशाळेने त्यात भर घातली ती सुरुवातीच्या पाच मिनिटांविषयी. ‘तुम्ही जर्मनीत कशा आलात?’ हा प्रश्न कोणी वाईट हेतूने विचारत नाही. पाहुण्याचा संकोच घालवण्यासाठीच तो विचारला जातो. पण त्याचे खरे उत्तर ‘नवऱ्याच्या नोकरीमुळे’ असे असते, त्यापाठोपाठ नवऱ्याची कंपनी येते, मग त्याचा करार कायमचा आहे की मुदतीचा, मग मुले किती आणि त्यांना पाळणाघर मिळाले का, आणि कामाचा पहिला प्रश्न येण्याआधीच समितीच्या मनात ठरून जाते की या बाई दोन वर्षांत निघून जाणार. सरावात आमच्या एका सहकाऱ्याने हे सारे इतक्या आपुलकीने विचारले की उमेदवाराची भूमिका करणारी बाई शेवटी हसू लागली. नियम असा दिला गेला : येण्याचे कारण विचारायचे नाही, काम करण्याची परवानगी आहे का, हे मात्र सर्वच उमेदवारांना, जर्मन नागरिकांनाही, एकाच छापील रकान्यात विचारायचे.

बायकोच्या मागे आलेल्या नवऱ्यांचा उल्लेख जवळजवळ झालाच नाही, ही मोठी उणीव. संगणक अभियंता बायकोबरोबर आलेला आणि मुलासाठी दीड वर्ष घरी राहिलेला पुरुष जेव्हा अर्ज करतो, तेव्हा त्याच्या रिकाम्या काळाकडे समिती अधिकच संशयाने पाहते, असे मी आमच्याच फाइलींत पाहिले आहे. बाईने मुलासाठी घरी राहणे समितीला निदान समजते.

सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एका परदेशी जोडीदार बाईंना ‘अनुभवकथन’ करायला बोलावले होते. आपल्या देशात त्या दहा वर्षे औषधनिर्मितीत गुणवत्ता तपासणी करत होत्या. त्यांना वीस मिनिटे मिळाली ती नकारांच्या पत्रांविषयी आणि एकटेपणाविषयी बोलण्यासाठी. श्रोते हळहळले, टाळ्या वाजल्या, बाई गेल्या. गुणवत्ता तपासणीतले दशक गाठीशी असलेल्या माणसाला त्या दिवसाच्या मुलाखत-सरावात परीक्षक म्हणून का बसवले नाही? समितीत परदेशातून आलेल्या जोडीदारांना स्थान द्या, असे कार्यशाळेच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि ते स्थान स्वतः संस्थेने द्यायचे टाळले. समितीत अशा व्यक्तीला बसवताना तिला पूर्ण मत, पूर्ण गुणपत्रक आणि तिच्या व्यावसायिक क्षेत्रातला प्रश्न द्यायला हवा. नाही तर आपल्या देशातला उमेदवार आला की ‘यांच्याकडे हे असेच असते का हो?’ एवढे विचारण्यापुरती ती उरते, आणि इतर देशांचे उमेदवार आले की तिला कोणी बोलावतही नाही. मला स्वतःला ही दुभाष्याची खुर्ची अनेकदा देऊ केली गेली आहे.

येथे जर्मनांनाच नावे ठेवून चालणार नाही. परदेशातल्या आपल्या गणेशोत्सवात एखादी नवी जोडी आली की नवऱ्याला ‘कुठल्या कंपनीत?’ असे विचारले जाते आणि तिला ‘वहिनी, मोदक तुम्ही केले का?’ असे. ती पुण्यात वास्तुविशारद होती हे कळायला पुढचा गणपती यावा लागतो. आणि तिची फाइल ज्यांच्याकडे शब्द टाकून पुढे जाऊ शकली असती, अशी दोन-तीन माणसे त्याच पंगतीत जेवत असतात.

पुस्तिकेविषयी थोडक्यात. साठ-एक पानांची आहे, गुणपत्रकांचे नमुने चांगले आहेत, आणि परदेशी विद्यापीठांची मान्यता पाहण्याच्या आनाबिन या सरकारी सूचीचा वापर पायरीपायरीने समजावलेला आहे; ‘एच प्लस’ म्हणजे मान्यताप्राप्त संस्था, ‘एच मायनस’ म्हणजे नाही, आणि दोन्ही चिन्हे एकत्र असतील तर अधिक चौकशी. कागदावर छापलेली प्रत जर्मनमध्येच मिळते, इंग्रजी प्रत मागून घ्यावी लागते. तीन महिन्यांनी होणारी पाठपुराव्याची बैठक किमतीत धरलेली होती. ती पडद्यावर एका तासात उरकली गेली, आणि त्यात आमची नाकारलेली फाइल एकही उघडली गेली नाही. किंमत चार आकडी युरोंची होती, आणि त्या पैशांत ही बैठक निदान अर्ध्या दिवसाची असायला हवी होती. बेट्रीब्सराटच्या सदस्यांना आवश्यक असलेल्या प्रशिक्षणाचा खर्च कायद्याने कंपनीलाच करावा लागतो, तेव्हा आमच्यापैकी कोणाला जागा नाकारण्यात आली तर ते मुकाट्याने मान्य करू नये.

आणि एक मर्यादा अशी, की जी कार्यशाळेच्या रचनेतच आहे. समिती पाहते त्या फाइली आधी कोणीतरी चाळून पुढे पाठवलेल्या असतात. आमच्याकडे एका जागेला आलेल्या अर्जांपैकी बहुतेक मनुष्यबळ विभागातील एक व्यक्ती एकटीच बाजूला करते, आणि ती व्यक्ती कार्यशाळेला नव्हती, कारण ती ‘समितीची सदस्य नाही’. केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालयाने नोव्हेंबर २०१० पासून वर्षभर आठ संस्थांमध्ये नाव, छायाचित्र, वय आणि वैवाहिक स्थिती झाकलेल्या अर्जांचा प्रयोग केला होता. साडेआठ हजारांहून अधिक अर्ज आणि २४६ भरलेल्या जागा एवढा त्याचा आवाका होता. तो प्रयोग नेमका या चाळणीच्या टप्प्यावरचा होता, आणि कार्यशाळेत त्याला एक स्लाइड मिळाली. अशी सेवा विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की चाळणी करणाऱ्या माणसासाठी तुमच्याकडे काय आहे.

महाराष्ट्र सरकार आणि स्टुटगार्ट ज्यात येते ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला आहे. त्यातून येणाऱ्या परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालक यांच्याबरोबर त्यांचे जोडीदारही येतील, आणि ते आमच्यासारख्याच मध्यम कंपन्यांकडे अर्ज करतील. त्या दृष्टीने कार्यशाळेचा अर्जांच्या फाइलींचा आणि भाषेच्या पातळीचा भाग घ्यावा. तो सुटा एका दिवसात मिळत असेल तर उत्तमच. पूर्वग्रहांचे सत्र वगळावे आणि ती वेळ पाठपुराव्याला मागावी.

आमच्याकडे त्यातून एवढे झाले आहे की मुलाखतीची प्रश्नावली आणि निवडीचे निकष आता लेखी स्वरूपात बेट्रीब्सराटसमोर आले आहेत, कारण छापील प्रश्नावली आणि निवडीची मार्गदर्शक तत्त्वे या दोहोंना कायद्याने आमची संमती लागते. नावांतील फरकासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडण्याची एक ओळ जाहिरातीत आली. भाषेच्या पातळीचा तक्ता मान्य झाला. वाद उरला आहे तो ‘कारकिर्दीतील रिकाम्या काळाचे स्पष्टीकरण द्या’ या कलमावर. मनुष्यबळ प्रमुखांना ते ठेवायचे आहे. आम्ही त्याऐवजी ‘गेल्या तीन वर्षांत कामाशी संबंधित काय शिकलात किंवा केलेत?’ असा, नोकरीत असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही लागू पडणारा प्रश्न सुचवला आहे, आणि त्यावरची बैठक पुढील महिन्यात आहे.